चरित्र अभिनेता एका साच्यात अडकला की त्याची कारकीर्द संपते का? निळू फुले यांच्या उदाहरणाने सांगाल का?

निळू फुले यांना साच्यात अडकलेला नट म्हणणेच मुळात मला मान्य नाही, आणि या मुद्द्यावरून आमच्या गावात माझे एक भांडण अजून मिटलेले नाही.

बेळगाव तालुक्यातील आमच्या गावी यात्रेला हौशी मंडळी तीन अंकी नाटक बसवतात. पडदे भाड्याने येतात, नायिका बाहेरगावाहून ठरवून आणावी लागते आणि तालमी रात्री शाळेच्या खोलीत चालतात. एका वर्षी पाटलाची, म्हणजे अर्थातच खलनायकाची, भूमिका माझ्याकडे आली. दिग्दर्शकांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. त्यांचा एकच हेका होता : निळूभाऊंचा आवाज काढ, मान तिरकी कर, टाळ्या हमखास पडतात. मी म्हणालो, "अण्णा, ही नकलाकारांची लकब आहे, निळूभाऊंची नव्हे." त्यावर उत्तर आले, "तू काय त्यांच्यापेक्षा मोठा लागून गेलास काय?"

प्रयोगात गरिबाचे विहिरीचे पाणी तोडण्याचा हुकूम मी अडकित्त्याने सुपारी कातरत, वर न बघता, हलक्या आवाजात दिला. अण्णा विंगेतून आवाज चढवायला खुणावत होते. टाळी पडली नाही, हे ते आजही ऐकवतात. पण पुढे बसलेल्या एका आजींनी कानडीतून मला सणसणीत शिवी हासडली, ती मात्र ते सांगत नाहीत.

आता निळूभाऊंविषयी. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला आणि पुण्यात माळीकाम केलेला हा माणूस 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने गाजला आणि 1968 च्या 'एक गाव बारा भानगडी'मधल्या झेलेअण्णांमुळे पडद्यावर स्थिरावला. 1972 मध्ये त्यांनी रंगभूमीवर सखाराम बाइंडर उभा केला. 'सामना' चित्रपटातला त्यांचा साखरसम्राट हिंदुराव डॉ. श्रीराम लागूंनी रंगवलेल्या मास्तरांसमोर आरडाओरडा न करता दरारा निर्माण करतो, आणि 1979 च्या 'सिंहासन'मध्ये तोच नट सत्तेचा खेळ हताशपणे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस होतो. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 1991 मध्ये मिळाला, तो एका पाटलासाठी खचित नव्हे.

अर्थात तेच ते पाटील त्यांच्या वाट्याला वारंवार आले, हे नाकारता येणार नाही. एकदा चाललेली भूमिका निर्माते पुन्हा मागणारच, आणि चरित्र अभिनेत्याचे घर बहुधा त्यावरच चालते. शिवाय हलका आवाज वर टांगलेल्या माइकपर्यंत पोहोचतोच असे नाही, एवढा अण्णांचा मुद्दा मी मान्य करतो. म्हणून तुम्ही मिळेल ती भूमिका घ्या, पण नक्कल घेऊ नका. कोणी साच्याचे नाव काढलेच, तर त्याला 'सामना' आणि 'सिंहासन' लागोपाठ दाखवा आणि दिगूच्या चालण्याबोलण्यात हिंदुराव कुठे दिसतो ते विचारा. मी अण्णांना हेच विचारले होते. ते म्हणाले, पुढच्या यात्रेला पाटील दुसऱ्याला देऊ.