बोटीच्या टाकीत काळा गाळ झालाय: औषध टाकू की डिझेल ओतून देऊ?

बोट आठ महिने उभी होती, आता अर्ध्या तासात इंजिन दम टाकतं, फिल्टर उघडला की काळा चिकट गाळ निघतो, दोन फिल्टर बदलून झाले. तर 200 लिटर डिझेल ओतून द्यावं की टाकीत जंतू मारणारं औषध टाकावं, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. डिझेल बहुतेक वाचेल. टाकी मात्र उघडावी लागेल.

औषधाचा मार्ग मी करून बसलोय. बाटलीवर लिहिलं होतं त्यापेक्षा जरा जास्तच ओतलं, कारण आपल्याला वाटतं जास्त म्हणजे चांगलं. औषधाने काम चोख केलं: सगळं मेलं. पण मेलेलं जातं कुठे? टाकीच्या भिंतींना चिकटलेला थर सुटला आणि पुढच्याच फेरीत, लाटांनी टाकी ढवळल्यावर, सगळा फिल्टरवर आला. जवळचे तीनही फिल्टर संपले आणि मी नांगर टाकून बसलो.

लोक याला शेवाळ म्हणतात, पण शेवाळाला उजेड लागतो आणि टाकीत मिट्ट काळोख. ही बुरशी आणि जिवाणू. ते डिझेल खातात, पण राहतात पाण्यात. पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि दोघांच्या सीमेवर यांचा संसार चालतो. पाणी नसेल तर ते वाढत नाहीत. म्हणजे खरा शत्रू पाणी. डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेलं असेल तर ते पाणी जास्त धरून ठेवतं, त्यामुळे उभ्या बोटीत हा त्रास आणखी.

आधी नमुना काढा. बोट एक दिवस हलवू नका. मग हातपंपाची नळी टाकीच्या अगदी तळाला टेकवून काचेच्या बरणीत लिटरभर ओढा आणि बरणी रात्रभर ठेवा. सकाळी खाली पाणी, वर डिझेल आणि मधोमध तपकिरी, सायीसारखा पापुद्रा दिसेल. बरणी तिरकी केली की तो पापुद्रा अख्खाच्या अख्खा सरकतो, तुटत नाही. असं दिसलं की निदान पक्कं.

आता तळाचं पाणी आणि गाळ वेगळ्या डब्यात ओढत राहा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत. वरचं डिझेल स्वच्छ पिंपांत काढून दोन-तीन दिवस निवळू द्या. बरणीत घेतल्यावर पलीकडची छापील अक्षरं वाचता आली आणि आंबूस वास नसेल, तर ते गाळून वापरता येईल. काळपट आणि गढूळच राहिलं तर मोह सोडा. गाळाचं पाणी बोटीच्या तळात सांडू देऊ नका. तिथला पंप आपोआप सुरू होतो आणि सगळं समुद्रात जातं. ते जुनं ऑइल घेणाऱ्यांकडेच द्यायचं.

टाकी रिकामी झाली की खरं काम. नुसतं डिझेल फिल्टरमधून फिरवत ठेवण्याची यंत्रं मिळतात, ती फिरत्या डिझेलमधला कचरा छान पकडतात, पण पत्र्याला चिकटलेला थर त्यांना जुमानत नाही. टाकीत आडवे पत्रे असतात, डिझेल उसळू नये म्हणून. प्रत्येक दोन पत्र्यांमधला कप्पा वेगळा, आणि झाकण बहुधा एकाच कप्प्यावर. बाकीच्या कप्प्यांत हात पोचत नसेल तर नवं झाकण पाडावं लागतं. ते जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, वाफ कोंडलेल्या टाकीवर ड्रिल चालवणं हा घरगुती उद्योग नव्हे. बाकी काम हातमोजे, प्लास्टिकची खरवडणी, न सुटणाऱ्या धाग्यांची फडकी आणि थोडं स्वच्छ डिझेल एवढ्यावर होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत लोखंडी तारेचा ब्रश घालू नका. तळ पुसून झाला की त्यावर हाताचं बोट फिरवून बघा: बारीक खड्डे लागले तर या जंतूंच्या आम्लाने धातू खाल्लाय आणि टाकीचे दिवस भरत आलेत.

एक जागा हमखास विसरली जाते. इंजिनकडे जाणारी नळी टाकीत जिथे बुडते, तिच्या टोकाला कधीकधी बारीक जाळी असते. ती तुंबली की फिल्टर नवाकोरा आणि इंजिन तरी उपाशी. तुमचं इंजिन बंद पडून थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत असेल तर माझा पहिला संशय तिच्यावरच: ओढ थांबली की कचरा खाली पडतो, चालू झालं की परत चिकटतो.

परत भरताना डिझेल 10 मायक्रॉनच्या, पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधून सोडा. इंजिनवरचा बारीक फिल्टरही बदला आणि लाइनमधली एअर नीट काढा. औषध आता टाका, बाटलीवरच्या मापाने. मात्र 'पाणी गायब करतो' म्हणणारं द्रव नको. ते पाणी डिझेलमध्ये मिसळून इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत पोचवतं, आणि हल्लीच्या कॉमन रेल (फार जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनांचे नोझल त्याने खराब होतात.

पाणी आलं कुठून हे शोधल्याशिवाय भरलेली टाकी सोडू नका. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतली हवा पाणी सोडते, हे खरं, पण माझ्याकडे गुन्हेगार निघाली डेकवरच्या, डिझेल भरायच्या तोंडावरच्या झाकणाची रबरी रिंग. उन्हाने तडकलेली, आणि झाकण खोलगट जागेत, म्हणजे प्रत्येक पाऊस तिथे साचणार. टाकीतली हवा जाण्याच्या नळीचं तोंडही बघा, लाटेचं पाणी तिथूनही शिरतं.

पहिली फेरी किनाऱ्याजवळ, जरा उसळत्या पाण्यात करा आणि दोन फिल्टर सोबत ठेवा. परत आल्यावर फिल्टरखालच्या पारदर्शक वाटीत टॉर्च मारा. थेंब दिसला तर पुन्हा त्या रिंगकडे जा.