सोलापुरात राहून मॉफचे स्वतः जुळणारे, स्वतः पळणारे कण बनवता येतील का?

तुम्ही इथेच एमएस्सी करताय आणि मार्गदर्शक म्हणतात, हे पुण्या-मुंबईचं काम. मॉफ म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून झालेली सच्छिद्र जाळी. तिचे आपोआप शिस्तीत जुळणारे कण सोलापुरात होतात. मी केलेत.

बार्सिलोनाच्या गटाचं २०१८ चं काम वाचून मी झिफ-८ हा झिंकचा मॉफ घेतला होता. झिंकचं मीठ आणि टू-मिथाइलइमिडाझोल पाण्यात मिसळलं की द्रावण दुधाळ होतं, त्यात मोठेपणा काही नाही. कष्ट आहेत ते सगळे कण एका मापाचे काढण्यात. सीटॅब (कणांचा आकार आवरणारं साबणासारखं रसायन) किती घालायचं यातच माझे तीन महिने गेले. तोवर एप्रिल लागला. आपल्याकडच्या उन्हात काचपट्टीवरचा थेंब बघता बघता सुकायचा, कडेला नुसतं पांढरं कडं उरायचं. कणांना आपली जागा धरायला वेळच मिळत नव्हता. शेवटी पट्टीवर पेट्री डिश पालथी घातली आणि आत ओला टिपकागद ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर हिरवी चकाकी! पांढऱ्या पावडरीची!

माझे सर म्हणाले, हा हिरवा रंग निकेलच्या भेसळीचा आहे, भांडी नीट धूत जा. तो फोटो प्रबंधात घेऊ दिला नाही.

निकेल नव्हतं ते. २००-२५० नॅनोमीटरचे कण शिस्तीत बसले की थरांमधल्या अंतरानुसार ठरावीक रंगच परावर्तित होतो. पट्टी तिरकी केली की रंग बदलायचा. स्पिरिटचा बोळा जवळ धरला की वाफ छिद्रांत शिरायची, अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) वाढायचा आणि हिरवा तांबड्याकडे सरकायचा. बोळा काढला की पुन्हा हिरवा. भेसळीचा रंग असा जाऊन परत येत नाही. मी हे दाखवायला गेले होते, सरांनी मान वर केली नाही. तुम्ही पहिल्याच आठवड्यात याचा व्हिडिओ काढून ठेवा. २०२५ चं रसायनाचं नोबेल मॉफसाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं, तेव्हा मला तीच पट्टी आठवली.

पळणाऱ्या कणांचं सांगायचं तर, झिफ-८ वाढतानाच त्यात कॅटालेज हे पेरॉक्साइड फोडणारं विकर (एन्झाइम) अडकवतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये सोडलं की ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात आणि कणाला ढकलतात. पण चारी बाजूंनी सारखाच रेटा बसला तर कण जाणार कुठे? एक बाजू वेगळी हवी, म्हणून अर्ध्या अंगावर प्लॅटिनमचा थर देतात. त्याच्या यंत्रासाठी मात्र बाहेर हात पसरावा लागेल. मी ते केलेलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे कण एकाच दिशेला चालले असतील तर तो पाण्याचा प्रवाह समजा. पेरॉक्साइड न घालता तोच थेंब आधी बघा.

आणि हो, झिफ-८ आम्लात विरघळतं, फॉस्फेट बफरमध्येही टिकत नाही. पेरॉक्साइडला हातमोजे घाला, आणि कण मिसळलेल्या बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, ऑक्सिजन साठून ती फुटते.