कोल्हापूर ते दिब्रुगड: विमानाने अंतर किती, वेळ किती?

प्रश्न: कोल्हापूर ते आसाममधले दिब्रुगड हे हवाई अंतर एके ठिकाणी 1321, दुसरीकडे 1520 आणि तिसरीकडे 2446 दिसते. वेळ सगळीकडे साडेतीन तासांच्या आसपास; तिकीट काढायला जावे तर प्रवास आठ-दहा तासांचा. खरे काय मानायचे?

उत्तर: तिन्ही आकडे खरे आहेत. 2446 किलोमीटर म्हणजेच 1520 मैल म्हणजेच 1321 सागरी मैल. विमानवाल्यांचा हिशेब सागरी मैलात (1.852 किमी) चालतो. आकड्यापुढे एकक छापले नाही की असा घोळ होतो.

पडताळा घरीही घेता येतो. उजळाईवाडी विमानतळ 16.66 उत्तर, 74.29 पूर्व, दिब्रुगडचा मोहनबारी विमानतळ 27.48 उत्तर, 95.02 पूर्व. अक्षांशांतला फरक 10.8 गुणिले 111, झाले सुमारे 1200 किमी. रेखांशांतला फरक 20.7; पण उत्तरेकडे जाताना रेखावृत्ते जवळ येतात, म्हणून 111 ने गुणल्यावर मधल्या अक्षांशाच्या (22 अंश) कोसाइनने, म्हणजे 0.93 ने, पुन्हा गुणायचे: 2137. आता पायथागोरस लावा, 2450 येतात. गोलाईचा चोख हिशेब केला तरी फरक चारच किलोमीटरचा. चूक होते ती वेगळ्याच जागी: 16 अंश 40 मिनिटे हे 16.67 ऐवजी 16.40 असे भरले, की विमानतळच 30 किलोमीटर दक्षिणेला सरकतो.

साडेतीन तास येतात ते असे: ताशी 800 किमी वेगाने तीन तास, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास. हे जेटचे गणित झाले. एटीआर-72 (पंख्यांचे छोटे विमान) ताशी 500 च्या आसपास उडते आणि प्रवासी भरल्यावर तिचा पल्ला साधारण दीड हजार किमीपर्यंतच, म्हणजे एका दमात ती पोहोचणारच नाही. थेट विमानही नाही. तिकिटावरचे जास्तीचे तास बहुतेक जोडविमानाची वाट पाहण्यातच जातात.

वाट निवडताना नकाशा पाहा. मुंबई-कोलकाता मार्गे सुमारे 2820 किमी पडतात, हैदराबाद-कोलकाता मार्गे जेमतेम 2500. म्हणजे मुंबईला जाणे हा उलटा हेलपाटा. तरीही तिथून विमाने जास्त असल्याने एकूण वेळ कधी कधी तिकडूनच कमी लागतो. तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर सामान बाहेर घेऊन पुन्हा द्यावे लागते, आणि काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. मध्ये तीन तास तरी ठेवा. एकाच तिकिटावर जोडविमान असेल तर एवढी धास्ती नको.

प्रश्न: परतीला वेळ जास्त का दाखवतात?

उत्तर: हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. सरासरी ताशी 100 किमीचा वारा धरला, तर ताशी 830 किमीच्या जेटला, चढण्या-उतरण्याचा वेळ सोडून, एवढे अंतर जाताना सुमारे 2 तास 38 मिनिटे लागतील, येताना 3 तास 21. आणखी एक: घड्याळ तेच असले तरी दिब्रुगडचा सूर्य रेखांशाच्या हिशेबाने कोल्हापूरच्या 83 मिनिटे पुढे असतो. डिसेंबरात साडेचारच्या आतच तिथे सूर्य मावळतो. पुढे मोटारीने जायचे असेल तर सकाळचे विमान धरा.