पाहताना समजते, मग सोडवताना का सुचत नाही?

संख्याशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम करणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली, तेव्हा आपली स्मरणशक्ती कमजोर आहे असे तिने ठरवूनच टाकले होते. प्रत्येक व्याख्यान ती लागोपाठ दोन-तीनदा पाहत असे आणि पाहताना सारे उलगडत असे. दोन दिवसांनी गणित पुढे आले की पहिली पायरीही सुचत नसे. ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते आणि बहुतेकदा दोष स्मरणशक्तीत नसून अभ्यासाच्या रीतीत असतो.

मी तिला एक व्हिडिओ मध्येच थांबवून आतापर्यंतचा भाग कोऱ्या कागदावर मांडायला सांगितला. सूत्र तिने बरोबर लिहिले, पण ते कोणत्या प्रश्नाला लावायचे हे तिला सांगता येईना. पडद्यावर पुढची पायरी शिक्षकच मांडतात, ती ओळखीची वाटते आणि त्या ओळखीलाच आपण ‘येणे’ समजतो.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन अँडरसन यांच्या ‘ॲक्ट-आर’ या संगणकीय प्रारूपात स्मृतीतल्या प्रत्येक नोंदीची सक्रियता, म्हणजे ती किती सहज आठवेल याचे माप, वापरागणिक वाढते आणि काळाबरोबर घटते; येथे वापर म्हणजे ती गोष्ट पुन्हा समोर येणे किंवा ती स्वतः आठवून काढणे. पण या दोन्हींचा परिणाम सारखा टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून पाहणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. पुन्हा पाहण्याचा मोह का सुटत नाही, हे त्या पाच मिनिटांत दिसते.

‘चाचणी’ हा शब्द ऐकताच तिचा चेहरा उतरला. तेव्हा मी तिला स्पुनर, खान आणि शॅक्टर यांचा 2013 चा अभ्यास सांगितला, तोही योगायोगाने संख्याशास्त्राच्या व्हिडिओवरचाच: व्याख्यानाचे चार भाग करून प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली, तेव्हा विद्यार्थ्यांचे मन कमी भरकटले, टिपणे वाढली आणि अंतिम परीक्षेची धास्तीही कमी झाली.

आता ती पाच-सहा मिनिटांनी व्हिडिओ थांबवते, न पाहता लिहिते, अडलेला तेवढाच भाग पुन्हा पाहते आणि तीच गणिते दोन दिवसांनी पुन्हा सोडवते. एका व्याख्यानाला वेळ फार लागतो, अशी तिची तक्रार आहे. ती खरी असल्यामुळे आम्ही आठवड्याची व्याख्याने कमी केली आहेत.