परभणीत रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या धनुष्याची) तिरंदाजी शिकणाऱ्या मुलीसाठी दहा वर्षांपूर्वीचे धनुष्य कालबाह्य ठरेल का?

नाही, ठरणार नाही. रायझरला (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाला) लिम्ब (वरची-खालची लवचीक पाती) जोडण्याची आयएलएफ ही सामाईक पद्धत 1980च्या दशकापासून रूढ असल्याने या पद्धतीच्या जुन्या रायझरवर दुसऱ्या कंपनीचे नवे लिम्बही बसतात, आणि मराठवाड्यात, जिथे सुटे भाग बहुधा बाहेरून मागवावे लागतात, ही सोय मला कोणत्याही नव्या मॉडेलपेक्षा मोलाची वाटते. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकच्या सुमारास आलेला एक्स10 नावाचा बाण तर अव्वल खेळाडू आजही वापरतात. कंपाउंडमध्ये (कप्प्यांच्या मदतीने दोरी ओढायच्या धनुष्यात) मात्र कॅमची, म्हणजे त्या कप्प्यांची, रचना सतत बदलत राहिली, कारण तिथे नियमांनीच यंत्रणेला वाव दिला. रिकर्व्हमध्ये साइटवर (नेम धरण्याच्या साधनावर) भिंग आणि हातात यांत्रिक रिलीज (दोरी सोडणारे उपकरण) यांना परवानगी नाही. लिम्बला पीळ किंवा तडा नाही ना, हे प्रशिक्षकांकडून तपासून घ्या आणि वाचलेले पैसे तिच्या ड्रॉ लेंथला (दोरी ओढण्याच्या लांबीला) जुळणाऱ्या बाणांवर खर्च करा.