माणकीच्या अंगावरचे ठिपके आणि पायाची ठेच

प्रश्न : आमच्या गोव्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात) सापडलेली ताजी माणकी (स्क्विड) मी घरी आणली. डोके वेगळे करून ती स्वच्छ धुतली, तरी तिच्या कातडीवरचे तांबूस ठिपके कितीतरी वेळ उघडझाप करीत होते, आणि मीठ लावल्यावर तिच्या भुजाही वळवळल्या. ती तेव्हा जिवंत होती का? तिला मेंदू असतो का, आणि तिचे मज्जातंतू आपल्यासारखेच असतात का?

उत्तर : माणकी तेव्हा मेलेलीच होती, पण तिच्या पेशी अजून मेल्या नव्हत्या. मेंदू आणि शरीर यांचा संबंध तुटला म्हणजे प्राण्याचे जीवन संपते, तथापि प्रत्येक मज्जापेशी व स्नायुपेशी आपल्याजवळची ऊर्जा संपेपर्यंत काही काळ काम करू शकते. आपण पाहिलेला प्रत्येक ठिपका म्हणजे रंगद्रव्याची एक लवचीक पिशवी असते. तिच्याभोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बारीक स्नायू असतात. ते आखडले की पिशवी ताणली जाऊन ठिपका मोठा दिसतो आणि सैल पडले की ती आपोआप मिटते. जिवंतपणी या स्नायूंना थेट मेंदूकडून आज्ञा मिळते, म्हणूनच माणकी निमिषार्धात रंग बदलते. मेंदूचा ताबा सुटल्यानंतर तेच स्नायू काही वेळ स्वतःहून, कोणत्याही क्रमाशिवाय आखडत राहतात.

मिठाचे कारण याहून मूलभूत आहे. मज्जापेशीच्या पडद्याबाहेर सोडियम अधिक आणि आत पोटॅशियम अधिक असते, आणि आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश येतो तेव्हा पडद्यातील सूक्ष्म दारे उघडून सोडियम आत धावते, आतली बाजू क्षणभर धन होते, पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडते आणि पूर्वस्थिती येते. हा सगळा व्यवहार साधारणपणे सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतो आणि ठिणगीसारखा तंतूवरून पुढे सरकत जातो. आपण चोळलेल्या मिठातील सोडियमने ताज्या भुजांमधील पेशींचा हाच तोल ढळवला आणि त्या वळवळल्या. दात काढण्यापूर्वी दिले जाणारे बधिरतेचे इंजेक्शन सोडियमची हीच दारे अडवते. फुगणाऱ्या केंड माशाचे प्राणघातक विषही तेच करते, आणि म्हणूनच तो मासा कोणी खाऊ नये.

माणकीला मेंदू असतो, आणि चांगला विकसित असतो. तो अन्ननलिकेभोवती कड्यासारखा असल्यामुळे तिचा प्रत्येक घास मेंदूच्या मधून खाली उतरतो. तिचा नातलग असलेल्या ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी मज्जापेशींपैकी जवळजवळ दोनतृतीयांश तर त्याच्या भुजांमध्येच असतात. जेलीफिशला मात्र मेंदू नाही, केवळ तंतूंचे जाळे आहे.

आता मज्जातंतूंविषयी. येथे माणकीचे ऋण मान्य केले पाहिजे, कारण वर सांगितलेली सोडियम-पोटॅशियमची गोष्ट मानवाला तिच्यामुळेच कळली. तिच्या शरीराच्या भिंतीतील स्नायूंना जाणारे काही तंतू अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारे असतात. अशा तंतूच्या आत विद्युदग्र (वीज मोजण्याचे बारीक टोक) घालून हॉजकिन आणि हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९३९ साली संदेशाचे मापन केले. महायुद्धानंतर ते काम पुढे नेऊन १९५२ साली त्यांनी त्याचे संपूर्ण गणित मांडले आणि १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे तंतू इतके जाड असण्याचे कारण वेग हे आहे. शत्रू दिसताच माणकी अंगातील पाणी जोराने बाहेर फेकून निसटते, आणि त्यासाठी सर्व स्नायू एकाच वेळी आखडावे लागतात. म्हणून दूरच्या स्नायूंकडे जाणारे तंतू जवळच्यांपेक्षा जाड असतात, आणि सगळीकडे आज्ञा जवळपास एकाच क्षणी पोहोचते. हा वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर असतो. आपल्या शरीरात तोच वेग शंभरपटीने बारीक तंतू गाठतो, कारण त्याच्यावर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि संदेश त्या आवरणातील एका फटीवरून पुढच्या फटीवर उड्या मारीत जातो. आपले सगळे तंतू माणकीसारखे जाड असते, तर डोळ्यापासून मेंदूकडे जाणारे दहा लाखांहून अधिक तंतू कवटीत मावलेच नसते. निसर्गातील हे दोन उपाय शेजारी ठेवून पाहिले की मला आजही विलक्षण आनंद होतो.

प्रश्न : पायाला ठेच लागली की आधी धक्का जाणवतो आणि कळ नंतर येते, असे का? माझ्या आईला मात्र मधुमेहामुळे ठेच लागल्याचे कळतच नाही. (फोंडा येथील एक वाचक)

उत्तर : स्पर्शाचे तंतू जाड व मायलिनयुक्त असल्यामुळे अंगठ्यापासून मेंदूपर्यंतचे सुमारे दीड मीटर अंतर त्यांचा संदेश सेकंदाच्या अगदी लहान अंशात कापतो. रेंगाळणाऱ्या कळेचे तंतू बारीक आणि उघडे असतात. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपल्या चालण्याइतकाच असल्याने ती कळ सेकंदभर मागे राहते. ठेचेची जागा चोळल्यावर बरे वाटते, याचे एक स्पष्टीकरण मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली दिले : स्पर्शाचे संदेश मेरुरज्जूतच कळेच्या संदेशांची वाट काही अंशी अडवतात.

आपल्या आईंविषयीचा मजकूर मी अधिक गांभीर्याने घेतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले आहे, त्यामुळे हा प्रश्न अनेक घरांचा आहे. रक्तातील वाढलेली साखर मज्जातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा करते. सर्वांत लांब तंतू पायाचे असल्याने बधिरता बोटांपासून सुरू होऊन वर चढते. कळ येत नाही म्हणून जखम लक्षात येत नाही, आणि ती चिघळते. त्यांच्या पायांची डॉक्टरांकडून तपासणी अवश्य करून घ्यावी. रोज संध्याकाळी चांगल्या उजेडात त्यांचे तळवे व बोटांच्या बेचक्या आपण स्वतः पाहाव्यात. दुपारी देवळाच्या तापलेल्या आवारात त्यांना अनवाणी प्रदक्षिणा घालू देऊ नये, आणि आंघोळीचे पाणी किती गरम आहे हे त्यांच्या पायाने नव्हे, तर आपल्या कोपराने तपासावे.