दवण्याचा काढा मलेरियावर चालेल का?

प्रश्न : जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्या जातीतूनच मलेरियाचं औषध निघालं, असं ऐकलं. कुंडीतल्या दवण्याचा काढा करू का?

उत्तर : ताई, वंश एकच, आर्टेमिसिया, पण झाडं वेगळी. आपला दवणा हातभर, करडा, लवदार. औषधाची आर्टेमिसिया ॲन्युआ माणसापेक्षा उंच वाढते, हिरवीगार. मलेरियावरचं द्रव्य, आर्टेमिसिनिन, आहे ते तिच्यात.

गंमत काढ्याचीच आहे. चीनमध्ये संशोधक तू यूयू यांच्या गटाला आधी अर्कांनी धड गुण येईना. मग त्यांनी चौथ्या शतकातले चिनी वैद्य को हुंग यांची कृती पुन्हा वाचली : मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असं कुठंच नाही! उष्णतेनं गुण जात असावा, हे त्यांनी ताडलं आणि पस्तीस अंशांच्या आसपास उकळणाऱ्या ईथर या द्रवात अर्क काढला. ऑक्टोबर 1971 मध्ये 191 क्रमांकाच्या नमुन्यानं उंदरांमधला मलेरिया पुरता हटवला. 2015 मध्ये तू यूयू यांना नोबेल मिळालं.

आमच्या आजीनं तर पातेलंभर उकळून सगळं घालवलं असतं.

तेव्हा थंडी वाजून ताप आला तर आधी रक्त तपासून घ्या. दवणा देवाला वाहा, गजऱ्यात माळा.